समोरच्या ओळीतली जाऊ

निवृत्त झाले त्या वर्षी मला दुपारी झोपायची सवय लागली. त्याआधी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दुपार म्हणजे खडू, घाम आणि सातवी ब. आता जेवणं झाली, ओटा पुसला, की मी खिडकीजवळच्या दिवाणावर आडवी व्हायची. झोप पुरती लागायची नाही आणि जागही पुरती नसायची. पंख्याची घरघर, खाली कुणाची तरी स्कूटर, आणि दर गुरुवारी चारच्या सुमारास एक सूर. व्हायोलिनचा होता, पण आपल्याकडे बसून वाजवतात तसा नाही. कुणीतरी चालता चालता वाजवत असावं तसा. तो ऐकताना वाटायचं, की मी कुठल्यातरी ओल्या हिरव्या उतारावरून खाली येते आहे आणि पायाला जमीन लागत नाहीये.

ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, की सोसायटीच्या हॉलमध्ये काही ज्येष्ठ मंडळी परदेशी भोंडला खेळतात.

दोन महिने मी तो सूर असा अर्धवट झोपेत ऐकला. मग एका गुरुवारी एकच तुकडा त्यांनी बावीस वेळा वाजवला. मी मोजलं. आणि उठून तक्रार करायला गेले.

हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि सात माणसं दोन ओळींत समोरासमोर उभी होती. एका ओळीत चार, दुसरीत तीन. शिकवणाऱ्या बाई पासष्टीच्या असाव्यात. बारीक कापलेले पांढरे केस, घोट्याच्या वर खोचलेली सुती साडी, आणि पायांत काळे, मऊ, नाडीचे बूट. त्यांनी माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण आत्ता आम्ही सात आहोत आणि नाच आठांचा आहे. दहा मिनिटं तिथे उभ्या राहा, मग लेखी द्या."

मी उभी राहिले. त्याला आता चार वर्षं झाली. लेखी काही दिलं नाही.

बाईंचे यजमान डॉक्टर होते, आणि दोघं पंचवीस वर्षं स्कॉटलंडमधल्या एका लहान गावात राहिले होते. तिथे हिवाळ्यात साडेतीनलाच अंधार पडतो. गावातली माणसं आठवड्यातून एकदा हॉलमध्ये जमून नाचतात, नाहीतर घराघरात भांडणं होतील, असं बाई सांगायच्या. यजमान गेल्यावर त्या कर्वेनगरात आल्या, आणि इथे अंधार उशिरा पडत असूनही त्यांनी हा वर्ग सुरू केला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना पत्र पाठवून विचारलं होतं, की हा प्रकार नृत्य आहे की व्यायाम, कारण हॉलच्या नियमांत फक्त व्यायाम बसतो. बाईंनी त्याच पत्राखाली 'वयावर अवलंबून' असं लिहून परत पाठवलं.

नाच दिसायला साधा. चार जोड्या, दोन ओळी. एका ओळीत पुरुष, समोरच्या ओळीत बायका. वरची जोडी नाचत नाचत दुसऱ्या जोडीशी फिरते आणि एक जागा खाली येते. मग तिसऱ्या जोडीशी, मग आणखी खाली. असं करत करत ओळीतल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. आमच्यात पुरुष दोनच होते, त्यामुळे उंच बायकांनी पुरुषांच्या ओळीत उभं राहायचं, आणि ओळख पटावी म्हणून खांद्यावरून निळा पट्टा घालायचा. मी शाळेत असल्यापासून उंच. मला पहिल्याच दिवशी पट्टा मिळाला. माझी जोडीदार शेजारच्या इमारतीतली एक दातांची डॉक्टर होती. माझ्या शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल उभे राहायचे. ते मोठ्यानं आकडे मोजत नाचायचे आणि चुकले तरी आकडा बरोबर असायचा.

मला अवघड गेली ती पावलं नव्हेत. पावलं म्हणजे आठाचा पाढा. अवघड होतं समोरच्याचा हात हातात घेणं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ह्यांचा हात मी स्वारगेटचा रस्ता ओलांडतानाच काय तो धरलेला. इथे तर कुणाचाही हात येणार, घामाचा, थंड, सांधे सुजलेला. आणि बाईंचा नियम असा, की हात देताना हाताकडे पाहायचं नाही, माणसाकडे पाहायचं. खाली नजर गेली की त्या लांबूनच म्हणायच्या, "पाय कुठे पळून जात नाहीत, वर बघा."

हळूहळू जमलं. घरी कुकरच्या शिट्ट्यांवर पावलं टाकायला लागले. ह्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, आणि पाणी न पिताच परत गेले.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, बाई स्नेहमेळावा ठेवायच्या. त्या दिवशी शिकवणं नाही, चुका दाखवणं नाही. संध्याकाळी पाचपासून नुसतं नाचायचं, मध्ये चहा आणि खाणं, आठला घरी. पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाईंच्याच एका विद्यार्थिनीनं दुसरा गट सुरू केला होता. गेल्या वर्षी पहिल्यांदाच दोन्ही गट एकत्र येणार होते.

त्या संध्याकाळी हॉल ओळखू येईना. ट्यूबलाइट बंद ठेवून बाईंनी भिंतींच्या कडेनं पिवळ्या दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. फरशी पुसून इतकी गुळगुळीत केली होती, की ते दिवे खालीही दिसत होते. खिडक्या उघड्या, बाहेर किंचित गारवा, आणि कुठूनतरी जळक्या पाल्याचा वास. बायकांनी साड्यांवर चौकड्यांच्या रिबिनी लावल्या होत्या. ग्रंथपाल तिकडच्या पुरुषांच्या घागऱ्याऐवजी चौकड्यांची लुंगी नेसून येणार होते, पण बाईंनी फोनवरच नकार दिला होता, म्हणून ते नेहमीच्या पॅंटीत थोडे नाराज होते. स्पीकरवर बारीक आवाजात अॅकॉर्डियन चालू होतं. मला उगाचच वाटलं, की आपण पाण्याखाली आहोत आणि सगळ्यांना श्वास घेता येतो आहे.

आणि मग दाराशी, चपलांच्या स्टॅंडपाशी, माझी जाऊ दिसली. एका हातानं भिंत धरून ती सॅंडलचा पट्टा सोडवत होती.

माझी जाऊ, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची बायको. आम्ही नऊ वर्षं बोललो नव्हतो.

ते का, हे सांगायला हवं. आमच्या सासूबाई अर्धांगवायूनं चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या शनिवार पेठेत धाकट्या दिरांकडे होत्या. माझी शाळा, कर्वेनगरातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अशी कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. मी दर रविवारी फळं घेऊन जायची. बाकीचे सहा दिवस आणि रविवारचे उरलेले तास जाऊ एकटी सगळं करायची. सासूबाई गेल्या, तेराव्याचं जेवण झालं, आणि बायका माजघरात टेकल्या. जाऊ खिडकीशी चहाचा कप घेऊन बसली होती. डोळे कोरडे. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं, जे मी तिथे पाहायला तयार नव्हते. चार मावश्या-आत्यांच्या देखत मी म्हटलं, "सुटलीस एकदाची."

दोनच शब्द. वर्गात मी याहून लागट बोलत असे आणि मुलं दुसऱ्या दिवशी विसरत. तिनं कप खाली ठेवला आणि आत गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, मी तिच्याकडे गेले नाही. भाऊ भाऊ फोनवर बोलत राहिले. लग्नकार्यात आम्ही दोघी हॉलच्या दोन टोकांना उभ्या राहायचो. आपण खरं तेच बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण दिवाणावर पडलं आणि डोळे मिटायला लागले, की कधीकधी तो कप ठेवल्याचा आवाज मला यायचा.

आता ती आत येत होती. केस बरेच पिकले होते. शेजारणीनं आग्रहानं ओढून आणल्यासारखी ती एका बाईच्या मागे चालत होती. पायांत बूट नव्हते, नुसते मोजे. म्हणजे नवीनच शिकत होती. तिनं मला पाहिलं. माझ्या खांद्यावरचा निळा पट्टा पाहिला. आणि दिव्यांच्या माळेकडे पाहायला लागली.

पहिले तीन नाच जलद होते. मी मुद्दाम हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या ओळीत उभी राहिले. फिरताना मध्येच ती दिसायची, एखाद्या खांबासारखी, आणि पुन्हा दिसेनाशी व्हायची. ती सारखी डाव्या-उजव्याची चूक करत होती आणि लोक तिला अलगद खांद्याला धरून वळवत होते.

चौथा नाच संथ होता. त्याला स्ट्रॅथस्पे म्हणतात. त्यात पाऊल उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. सगळं शरीर त्या पावलामागून उशिरानं येतं. या नाचाच्या वेळी बाईंनी स्वतः मधून चालत जाऊन चार-चार जोड्या मोजल्या आणि हातानं जागा ठरवून दिल्या. मी आणि दातांची डॉक्टर पहिली जोडी. आमच्याखाली ग्रंथपाल आणि त्यांची जोडीदार. तिसऱ्या जोडीत, समोरच्या ओळीत, जाऊ.

मी हिशेब केला. पहिल्या फेरीत ग्रंथपालांच्या जोडीशी. दुसऱ्या फेरीत तिच्याशी. आधी उजवा हात, मग दोन्ही हात. बाहेर पडायचं तर आत्ता, पण मी गेले तर सात उरणार होते.

व्हायोलिन सुरू झालं. सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. पहिली फेरी कशी झाली मला आठवत नाही. ग्रंथपालांचे आकडे कानावर पडत होते एवढंच. मी एक जागा खाली सरकले आणि आता ती माझ्यासमोर तिरकी उभी होती, चार पावलांवर. सूर इतका हळू चालला होता, की दोन आकड्यांच्या मधे केवढी तरी मोकळी जागा होती, आणि त्या जागेतून आम्ही दोघी एकमेकींकडे येत होतो. तिनं उजवा हात पुढे केला. मी घेतला. गरम होता, आणि बोटं मी समजत होते त्याहून लहान. नियमाप्रमाणे मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीही पाहत होती. तिलाही तोच नियम शिकवला होता.

मग दोन्ही हात. गोल फिरायला आठ आकडे. दिव्यांची माळ तिच्या मागून हळूहळू सरकत गेली, खिडकी गेली, बाईंचं पांढरं डोकं गेलं, आणि तिचा चेहरा मात्र जागच्या जागी राहिला. नऊ वर्षांत मी तो इतक्या जवळून पाहिला नव्हता; खरं तर त्याआधीही नाही. डाव्या भुवईत एक जुनी खूण होती, ती मला माहीतच नव्हती. ती वळायचं विसरली. मी तिला हातांनीच दिशा दिली आणि ती त्या दिशेनं आली. एवढंच झालं. आठ आकडे संपले, हात सुटले, आणि मी पुढच्या जागेवर गेले. पण नाच संपेपर्यंत माझे तळवे तसेच उघडे राहिले होते. डॉक्टरनं नंतर विचारलं, की हाताला काही लागलं का.

मधल्या वेळात चहा होता. बाईंनी तिकडच्या पद्धतीची लोण्याची बिस्किटं केली होती. ग्रंथपाल एक खाऊन म्हणाले, की नानकटाईच आहे, फक्त वेलची विसरलेली. लोक हसत होते. जाऊ चहा घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेली. मी माझा कप घेतला आणि तिच्यामागून गेले.

खाली पार्किंगमध्ये दिवे लागले होते. आम्ही दोघी तिथल्या स्कूटरी पाहत उभ्या राहिलो.

मी म्हटलं, "तेव्हा मी बोलले ते बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "पण वहिनी, मी खरंच सुटले होते. तेच तर झालं. तुम्ही खोटं बोलला असतात, तर मी भांडले असते."

ती बोलत राहिली, हळू, स्कूटरींकडेच पाहत. दर दोन तासांनी सासूबाईंना कुशीवर वळवायला लागायचं. चार वर्षं तिला सलग झोप नव्हती. त्या गेल्या त्या पहाटे तिला पहिला विचार आला तो आता आपण झोपू शकतो असा, आणि त्या विचाराची तिला इतकी भीती वाटली, की ती तेरा दिवस कुणाच्या तोंडाकडे पाहू शकली नाही. आणि मग मी सगळ्यांसमोर नेमकं तेच बोलले. तिला वाटलं, की हे आपल्या कपाळावर लिहिलेलं असणार आणि आता कुणीही वाचू शकतं. पाहुणे गेल्यावर ती महिनाभर नुसती झोपली. दूध उतू जायचं, बेल वाजत राहायची. मधेच दचकून उठायची, हाक आली असं वाटून. माझ्यावर राग होता का, तर होता, ती म्हणाली. पण त्यापेक्षा तिला माझ्या नजरेची धास्ती होती.

मी इतकी वर्षं तिला रागावलेली समजत होते.

मग मीही तिला एक गोष्ट सांगितली, जी मी ह्यांनाही सांगितलेली नाही. रविवारी दुपारी मी फळांची पिशवी घेऊन बसस्टॉपवर जायची आणि पहिल्या दोन बस मुद्दाम सोडायची. तेवढीच भेट आखूड व्हावी म्हणून. त्या खोलीतला वास मला सोसायचा नाही, आणि सासूबाई माझा हात धरून ठेवायच्या तेही सोसायचं नाही.

"माहीत आहे," जाऊ म्हणाली. "तुम्ही सव्वापाचला यायचात आणि साडेसहाला दिवेलागणीचं निमित्त काढायचात. आईंनाही माहीत होतं. त्या म्हणायच्या, ती येते हे काय कमी."

मी कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. रडू आलं असं म्हणणार नाही, पण समोरच्या इमारतीच्या खिडक्या पुसट झाल्या आणि काही वेळ तशाच राहिल्या. आतून पुन्हा संगीत सुरू झालं. कुणीतरी आम्हाला बोलवायला आलं आणि आमच्याकडे पाहून परत गेलं. तो नाच आम्ही दोघींनी सोडला. दारातल्या दोन खुर्च्यांवर बसून पाहिला. बाहेरून तो वेगळाच दिसतो. माणसं ओळखीची राहत नाहीत, नुसते रंग एकमेकांतून ये-जा करत असतात आणि कुणीही कुणाला धडकत नाही. जाऊ म्हणाली, की आपण आत असताना एवढं छान दिसत नसणार. मी म्हटलं, "तू तरी नाही." ती हसली.

आठच्या सुमारास हे मला शाल द्यायला आले. त्यांनी दारातून आम्हाला शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं. शाल माझ्या मांडीवर ठेवली, टेबलापाशी गेले, आणि दोन कप चहा आणून दोघींच्या हातांत दिले. मग बाहेर जाऊन त्यांनी भावाला फोन लावला असावा, कारण गॅलरीतून त्यांचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. जाऊ आमच्या गुरुवारच्या वर्गाला यायला लागली, शनिवार पेठेतून बसनं. शाळेच्या हॉलपेक्षा इथली फरशी बरी, असं कारण तिनं सांगितलं. तिला बूट हवे होते, म्हणून पेठेतल्या ज्या कारागिरानं बाईंच्या जोडावरून आम्हा सगळ्यांचे शिवले, त्याच्याकडे तिला घेऊन गेले. वर्ग संपला की ती सरळ स्टॉपवर जायची. घर समोर असून मी तिला वर चल म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. काही गुरुवारी आम्ही चार वाक्यंही बोललो नसू.

एप्रिलमध्ये, एका भलत्याच मंगळवारी, चार वाजता बेल वाजली. मी दिवाणावर पडले होते. दार उघडलं तर ती उभी, तीन मजले चढून धापा टाकत. या बाजूला काम होतं, म्हणाली. काय काम ते सांगितलं नाही. मी माठातलं पाणी दिलं. ती स्वयंपाकघरात बसली, घर पाहत राहिली. फ्रिज नवीन घेतला का, पडदे हे कधी लावले, असं विचारत. मी पोहे केले. तिनं न विचारता लिंबू कापलं. हे आतल्या खोलीत जागे होते, पण बाहेर आले नाहीत.

ऊन उतरल्यावर मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. पहिली बस आली, ती खूप भरलेली होती म्हणून तिनं सोडली. दुसरी येईपर्यंत आम्ही निंबाऱ्याच्या झाडाखाली उभ्या राहिलो. तिनं विचारलं, परवा कोणता नाच आहे. मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग बस आली आणि ती चढली, आणि खिडकीतून तिनं हात केला तेव्हा मी आधी हाताकडे आणि मग, जरा उशिरानं, तिच्या तोंडाकडे पाहिलं.